टेक्सासच्या कॉलेजातली टीएसआय अट: आधी सूट तपासा, मग परीक्षेला बसा

टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात पदवीसाठी नाव घातलं की पहिल्या आठवड्यातच एक अडथळा दिसतो: टीएसआय पूर्ण नाही, म्हणून इंग्रजी किंवा गणिताचा विषय घेता येत नाही. टीएसआय म्हणजे टेक्सास सक्सेस इनिशिएटिव्ह. वाचन-लेखन आणि गणित कॉलेजच्या पातळीला येतं का, हे प्रवेशाच्या वेळी पाहायची ही राज्याची अट आहे. १९८९ पासून अशी तपासणी वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. टीएसआय हे नाव २००३ चं. सध्याची परीक्षा, टीएसआयए-२, जानेवारी २०२१ पासून घेतली जाते. ती कॉलेज बोर्ड ही परीक्षा घेणारी संस्था चालवते आणि नियम टेक्सासचं उच्च शिक्षण समन्वय मंडळ ठरवतं. राइससारख्या खासगी विद्यापीठांना ही अट लागू नाही.

ही प्रवेश परीक्षा नाही. गुण कमी पडले म्हणून कॉलेज दार बंद करत नाही. कोणता विषय कोणत्या आधारासह घ्यायचा एवढंच त्यावरून ठरतं. पण एवढ्यावरूनही एखादं सत्र वाया जाऊ शकतं. ते बहुतेक वेळा दोन कारणांनी जातं: ज्याला परीक्षेची गरजच नाही तो बसतो, किंवा गरज असलेला कोऱ्या डोक्याने जाऊन बसतो.

म्हणून पहिला प्रश्न, परीक्षेतून सूट मिळते का. सॅट या कॉलेज-प्रवेश परीक्षेत वाचन-लेखनाच्या भागात ४८० असतील तर इंग्रजीची अट सुटते आणि गणितात ५३० असतील तर गणिताची. हे आकडे मार्च २०१६ नंतरच्या सॅटचे. दोन्ही एकत्र लागत नाहीत, त्यामुळे गणितात ५६० आणि इंग्रजीत ४५० असलेल्या मुलाला फक्त इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. हे लक्षात न आल्याने दोन्ही परीक्षा देऊन येणारे बरेच असतात. एसीटी ही तशीच दुसरी प्रवेश परीक्षा. १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या एसीटीसाठी इंग्रजी आणि रीडिंगची बेरीज ४० आणि गणितात २२ हवेत. त्याआधीच्या एसीटीचा हिशेब वेगळा आहे: एकूण २३, शिवाय त्या त्या विषयात १९. जीईडी, म्हणजे शालान्त प्रमाणपत्राऐवजीची परीक्षा, देऊन शाळा पूर्ण केलेल्यांना संबंधित विषयात १६५ पुरतात. सॅट आणि एसीटीचे गुण परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षं चालतात. शाळेत अकरावीला दिलेली सॅट, मग दोन-तीन वर्षं काम, मग कॉलेज, असा प्रवास असेल तर आधी ती तारीख मोजा.

शाळेत बारावीला 'कॉलेज प्रेप' नावाचा अभ्यासक्रम पास केला असेल तर त्याचीही सूट मिळते, पण शाळा सोडल्यापासून २४ महिनेच, आणि शाळेच्या जिल्ह्याने (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळा चालवणारी संस्था) ज्या कॉलेजाशी करार केला आहे तिथेच. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात ती ग्राह्य धरली जाईल असं समजू नका, विचारा. लष्करी सेवेत असलेल्यांना आणि माजी सैनिकांना वेगळी सूट आहे. लेव्हल वन प्रमाणपत्र, म्हणजे ४२ किंवा त्याहून कमी क्रेडिट तासांचा छोटा अभ्यासक्रम, करणाऱ्यांना अट लागू नाही. मात्र तेच पुढे पदवीकडे वळले की ती लागू होते. वर्षभर प्रमाणपत्रात असताना टीएसआयकडे दुर्लक्ष करणारे नेमके इथे अडकतात.

भारतात पदवी घेऊन आलेल्यांनी इथे जरा थांबावं. आधीची पदवी किंवा कॉलेजचे विषय हाही सुटीचा आधार असतो, पण परदेशी गुणपत्रक कॉलेज आपोआप धरत नाही. मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि त्यावर निर्णय कॉलेज घेतं. नुसती 'पदवी समकक्ष' अशी एका ओळीची शिफारस आणली तर अडचण येते, कारण गणित आणि इंग्रजीचे विषय त्यात वेगळे दिसत नाहीत. विषय, क्रेडिट आणि श्रेणी दाखवणारा सविस्तर अहवाल मागवा. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण कितीही चांगले असले तरी ते टीएसआयच्या सुटींत बसत नाहीत. ते प्रवेशासाठी आणि व्हिसासाठी असतात. टीएसआयचा काटा वेगळा.

शाळेत असतानाच ड्युअल क्रेडिटचे, म्हणजे शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे, विषय घेणाऱ्या मुलांच्या पालकांना ही परीक्षा दहावी-अकरावीतच भेटते. मुलाची सॅट तेव्हा झालेली नसते, म्हणून बहुतेक शाळा टीएसआयए-२ शाळेतच घेतात. ते गुण पाच वर्षं चालतात, म्हणजे नीट दिली तर पुढे कॉलेजलाही पुन्हा द्यावी लागत नाही.

परीक्षेची रचना आधी समजून घ्या. दोन विषय आहेत: ईएलएआर, म्हणजे वाचन आणि लेखन एकत्र, आणि गणित. प्रत्येकाचा पहिला भाग सीआरसी, म्हणजे कॉलेज रेडिनेस क्लासिफिकेशन: ईएलएआरला ३० प्रश्न, गणिताला २०. गुण ९१० ते ९९० या पट्टीवर येतात. गणितात ९५० मिळाले की काम झालं. ईएलएआरला ९४५ लागतात आणि त्यासोबत निबंधाला ८ पैकी किमान ५.

कमी पडले की तिथेच संगणक डायग्नॉस्टिक नावाचा दुसरा भाग उघडतो: प्रत्येक विषयाचे ४८ प्रश्न, निकाल १ ते ६ या पातळ्यांत. गणितात पातळी ६ आली तर सीआरसीत कमी पडूनही तुम्ही पात्र ठरता. ईएलएआरला पातळी ५ किंवा ६ आणि निबंधाला ५ पुरतात. म्हणजे एकाच बैठकीत दुसरी संधी आहे. पण वीस प्रश्न झाल्यावर समोर आणखी ४८ प्रश्न आले की अनेकांचा धीर सुटतो, 'नापास झालोच' असं वाटतं आणि मग पटापट काहीतरी निवडून बाहेर पडतात. तसं करू नका. दमला असाल तर उत्तर देण्यापूर्वी डोळे मिटून दोन मिनिटं बसा. परीक्षेला घड्याळ लावलेलं नसतं, फक्त केंद्र बंद होण्याची वेळ असते. म्हणूनच सकाळची वेळ घ्या. दुपारी तीनला बसून साडेपाचला केंद्र बंद होतं तेव्हा निबंध अर्धवट राहतो.

प्रश्न उत्तरांनुसार बदलतात. बरोबर उत्तर दिलं की पुढचा अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, आणि उत्तर नोंदवल्यावर मागे येऊन बदलता येत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये 'आधी सोपे करू, मग अवघड' ही आपली शाळेतली सवय इथे उपयोगाची नाही. प्रत्येक प्रश्न हाच शेवटचा असं धरून सोडवा.

जुनी पुस्तकं आणि जुन्या फाइली मात्र बाजूला ठेवा. ऑगस्ट २०१३ ते २०२१ च्या सुरुवातीपर्यंतच्या जुन्या परीक्षेत वाचन आणि लेखन वेगळे होते आणि गुणांची सीमा ३५० च्या आसपास असायची. 'गणिताला ३५० हवेत' असं कुणी सांगितलं तर ती जुन्या परीक्षेची गोष्ट आहे.

गणितात आपल्याकडच्या शाळेतून आलेल्यांना कमी वाटतं, आणि ते बरंचसं खरं आहे. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि संख्याशास्त्र एवढाच परीघ. फसवतात ते शब्द आणि एकक. इथे मसावि 'ग्रेटेस्ट कॉमन फॅक्टर' असतो, आपण शिकलेला 'हायेस्ट कॉमन फॅक्टर' नाही. घातांकांना 'एक्स्पोनंट' म्हणतात, करणींना 'रॅडिकल', आणि दोन बाजू समांतर असलेल्या समलंबाला 'ट्रॅपेझॉइड'. क्रियांचा क्रम पेमडास या नावाने येतो. बोडमास हा शब्द कुठे दिसणार नाही.

एककांवर निदान दोन संध्याकाळी द्या. १२ इंच म्हणजे १ फूट, ३ फूट म्हणजे १ यार्ड, १६ औंस म्हणजे १ पौंड, ४ क्वार्ट म्हणजे १ गॅलन. हे पाठ असून चालत नाही, वापरता आलं पाहिजे. १२ बाय १५ फुटांच्या खोलीला किती चौरस यार्ड गालिचा लागेल? क्षेत्रफळ १८० चौरस फूट. इथे ३ ने भागून ६० लिहिणारे भरपूर. एका चौरस यार्डात ९ चौरस फूट, म्हणून उत्तर २०. आणि ६० हा पर्याय उत्तरांत हमखास ठेवलेला असतो.

बाकी नेहमीच्या ठेचा अशा. वस्तूची किंमत २० टक्के उतरवून मग २० टक्के वाढवली तर मूळ किमतीवर येत नाही, ९६ टक्क्यांवर येते. (२क्ष³)² याचं उत्तर ४क्ष⁶, कारण वर्ग आतल्या दोनालाही लागतो. ३, ३, ४, ५, २० या आकड्यांची सरासरी ७, पण मध्यक ४; एका मोठ्या आकड्याने सरासरी कशी ओढली जाते हे विचारणारा प्रश्न जवळपास नक्की येतो. वर्गसमीकरणं, रेषेचा उतार आणि छेद, समरूप त्रिकोण, पायथागोरस, काटकोन त्रिकोणातली साधी त्रिकोणमिती, संभाव्यता, विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखावरून अंदाज, एवढं पक्कं असेल तर ९५० अवघड नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. काही प्रश्नांना पडद्यावरच कॅल्क्युलेटरचं चिन्ह येतं, बाकीच्यांना नाही. म्हणून सराव करताना अपूर्णांक आणि टक्केवारी हातानेच करा.

ईएलएआरचं तसं नाही. मराठी माध्यमातून किंवा मराठी घरातून आलेल्यांचे गुण इथे जातात, आणि कारणं ठरलेली असतात. मराठीत आपण दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडतो आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत तीच 'कॉमा स्प्लाइस' नावाची चूक आहे. दोन पूर्ण वाक्यांमध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'अँड', 'बट', 'सो' यांसारखा जोडशब्द हवा. दुसरी चूक आर्टिकलची: मराठीत 'अ' आणि 'द' नाहीतच, त्यामुळे ते गळतात. तिसरी, 'वन ऑफ माय फ्रेंड' असं एकवचन. तिथे 'फ्रेंड्स' हवं, पण क्रियापद एकवचनी. चौथी, 'डिस्कस अबाउट': 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. संपादनाच्या प्रश्नांत याशिवाय अर्धवट वाक्य, सर्वनाम नक्की कुणाचं, यादीतल्या शब्दांची एकसारखी घडण आणि वाक्याच्या सुरुवातीला लोंबकळणारा शब्दसमूह हे प्रकार येतात. दररोज वीस वाक्यं दुरुस्त केली तर तीन आठवड्यांत हे हातात बसतं.

वाचनाच्या उताऱ्यांत मात्र अनुमान काढायचं असतं, आठवायचं नसतं. उत्तर उताऱ्यात शब्दशः नसलं तरी त्याला आधार देणारी ओळ दाखवता आली पाहिजे. अशी ओळ सापडत नसेल तर तो पर्याय कितीही शहाणा वाटला तरी सोडा. तुमचं सामान्यज्ञान इथे तुमच्या विरुद्ध जातं.

आता निबंध. अनेकांचा टीएसआय इथे अडतो, ९४५ मिळूनही. लांबी ३०० ते ६०० शब्द सांगितलेली असते. ४०० ते ४५० हे सुरक्षित. एक छोटा उतारा देऊन त्यावर तुमची भूमिका विचारतात. गुण देताना सहा गोष्टी पाहतात: हेतू स्पष्ट आहे का, मांडणी, मुद्द्यांचा विस्तार आणि आधार, वाक्यांतलं वैविध्य, व्याकरण-विरामचिन्हं आणि विचारांची खोली. गुण संगणक देतो, त्यामुळे 'वाचणारा समजून घेईल' या भरवशावर राहू नका. विषय सोडून लिहिलं किंवा चार ओळींत संपवलं तर गुणच मिळत नाहीत.

आपल्याकडच्या शालेय निबंधाची घडण इथे नडते. सुविचाराने सुरुवात, मग दोन्ही बाजू समान मांडणं, आणि शेवटी 'म्हणून दोन्ही महत्त्वाचे' असा समेट. परीक्षेला भूमिका हवी असते आणि ती पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात हवी असते. सोपा आराखडा: पहिला परिच्छेद ६० शब्दांचा, त्यात प्रश्न आणि तुमची बाजू. पुढचे दोन परिच्छेद सव्वाशे शब्दांचे, प्रत्येकात एकच कारण आणि त्याला एक ठोस उदाहरण. चौथ्यात विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊन त्याला उत्तर द्या. विचारांच्या खोलीचे गुण मुख्यतः इथून येतात. मग ४० शब्दांत आवरतं घ्या. तीन कारणं घुसवून प्रत्येकाला दोन ओळी देण्यापेक्षा दोन कारणं नीट फुलवलेली बरी. लिहून झालं की एकदा फक्त स्वल्पविरामांसाठी वाचा, एकदा फक्त आर्टिकलांसाठी. वस्तुनिष्ठ भाग अर्धवट राहिला तर जतन करून दुसऱ्या दिवशी पुरा करता येतो. निबंध मात्र एकाच बैठकीत संपवावा लागतो.

तयारीला किती दिवस द्यायचे? शाळा नुकतीच संपलेल्याला दोन आठवडे, दहा वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला सहा ते आठ आठवडे, रोज तासभर. कॉलेज बोर्डाच्या अ‍ॅक्युप्लेसर सरावस्थळावर टीएसआयए-२ चे नमुना प्रश्न मोफत आहेत. पैसे देऊन शिकवणी लावण्याआधी ते संपवा. तिथे एक पूर्ण संच सोडवा, चुकलेले प्रश्न विषयवार वेगळे करा, आणि पुढचे आठवडे त्याच विषयांवर घालवा.

परीक्षेच्या आधी एक अनिवार्य टप्पा असतो: प्री-असेसमेंट अ‍ॅक्टिव्हिटी. ऑनलाइन असते, परीक्षा कशासाठी, नमुना प्रश्न आणि त्यांचे खुलासे, कमी पडल्यास पर्याय काय, हे त्यात येतं. ते पूर्ण केल्याचा पुरावा नसेल तर केंद्र बसू देत नाही. शेवटचं पान छापून किंवा फोनमध्ये ठेवून न्या.

क्रम असा ठेवा. कॉलेजात अर्ज करून विद्यार्थी क्रमांक घ्या, सुटीची कागदपत्रं प्रवेश कार्यालयात द्या, सल्लागाराकडून कोणता भाग बाकी आहे हे लेखी घ्या, मग प्री-असेसमेंट, मग वेळ ठरवणं. शुल्क कॉलेजनुसार बदलतं. काही कॉलेजं घरून, कॅमेऱ्यासमोर देखरेखीखाली परीक्षा घेऊ देतात. दृष्टी, श्रवण किंवा शिकण्याच्या अडचणींसाठी सवलत हवी असेल तर ती परीक्षेच्या दिवशी मिळत नाही, अपंग-सेवा कार्यालयाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते.

नावाचा घोटाळा हा आपल्या लोकांचा खास. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आणि कॉलेजच्या अर्जात फक्त पहिलं नाव लिहिलेलं असतं. परीक्षेला सरकारी छायाचित्र ओळखपत्र लागतं. नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, किंवा गुण दुसऱ्याच नोंदीवर जाऊन पडतात. अर्ज, परीक्षेची नोंदणी आणि ओळखपत्र, तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखं ठेवा.

गुण कमी पडले तर? नियमाप्रमाणे परीक्षा पुन्हा देता येते, मधल्या दिवसांचा आणि शुल्काचा नियम कॉलेजचा. दोन-तीन गुणांनी राहिलं असेल तर महिनाभर अभ्यास करून पुन्हा बसणं शहाणपणाचं. ९३० च्या आसपास असाल तर पुन्हा पुन्हा परीक्षा देण्यापेक्षा कोरेक्विझिट घ्या. म्हणजे कॉलेजचा खरा विषय आणि त्याला जोडलेला आधारवर्ग, एकाच सत्रात. मूळ विषय पास झाला की त्या भागाचा टीएसआय पूर्ण होतो. जादा तासांचं शुल्क पडतं, पण क्रेडिट हातात येतं. खूप खालच्या पातळ्यांना त्याआधी मूलभूत कौशल्यांचे वर्ग सुचवले जातात.

गणितात कोणता विषय घ्यायचा हे पदवी पाहून ठरवा. वाणिज्य, अभियांत्रिकी आणि विज्ञानाकडे जाणाऱ्यांना मॅथ १३१४, म्हणजे कॉलेज अल्जिब्रा, किंवा त्याच रांगेतलं काही लागतं. मानसशास्त्र, परिचर्या, समाजशास्त्र यांसारख्या अनेक पदव्यांना मॅथ १३४२, प्राथमिक संख्याशास्त्र, चालतं. कलाशाखेच्या काही पदव्यांना मॅथ १३३२, म्हणजे कंटेम्पररी मॅथेमॅटिक्स, पुरतं. ज्याला संख्याशास्त्र पुरतं त्याने भीतीपोटी किंवा 'पुढे उपयोग होईल' म्हणून अल्जिब्राचं कोरेक्विझिट घेणं म्हणजे विनाकारण डोंगर चढणं. उलट, टीएसआय पूर्ण झाला म्हणून थेट कॅल्क्युलसला बसता येईल असंही नाही. अनेक विद्यापीठं त्यासाठी वेगळी गणित चाचणी घेतात.

निकालाचा कागद त्याच दिवशी मागून घ्या. गुण राज्यातल्या दुसऱ्या सरकारी कॉलेजात चालतात, पण ते आपोआप तिकडे जात नाहीत. जिथे परीक्षा दिली तिथून पाठवायला सांगावं लागतं. चार-पाच दिवसांनी विद्यार्थी पोर्टलमध्ये दोन्ही भागांपुढे 'पूर्ण' किंवा 'सूट' दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर नोंदणी सुरू होण्याआधीच परीक्षा केंद्राला कागदासह मेल करा, कारण नोंदणीच्या आठवड्यात तिथे फोन उचलला जात नाही आणि इंग्लिश १३०१ चे, म्हणजे पहिल्या इंग्रजी लेखन विषयाचे, सोयीच्या वेळेचे वर्ग आधी भरतात.